खापराची कुळी

उत्खननात सापडणाऱ्या वस्तूंमध्ये खापरासारखी बिनमोलाची वस्तू दुसरी नाही, आणि खापराइतकी बोलकी वस्तूही दुसरी नाही. सोने वितळवले जाते, तांबे पुन्हा ओतले जाते, लाकूड कुजते, कापडाचा तर मागमूस उरत नाही. फुटलेले मडके मात्र कोणी उचलून नेत नाही आणि मातीत ते कुजतही नाही. म्हणून ज्या काळाचा एकही लेख नाही, एकही नाणे नाही, त्या काळाचा इतिहास आपण खापरांवरून लिहितो. हे अपरिहार्य आहे. प्रश्न असा की, खापर बोलते म्हणजे नेमके काय बोलते? आणि आपण त्याच्या तोंडी काय घालतो?

प्रस्तुत लेखाचा विषय रंगीत खापरांचा वैज्ञानिक अभ्यास हा आहे. परंतु रोख आहे तो आपल्या वाचनाच्या सवयीवर. मराठीत प्रागैतिहासिक भांड्यांविषयी जे लिहिले जाते, व्याख्यानांतून जे सांगितले जाते, वस्तुसंग्रहालयांच्या पाट्यांवर जे रंगवले जाते, त्यात खापराची नक्षी पाहिली जाते आणि लगेच त्याची कुळी विचारली जाते. हे लोक कोण? आपले की परके? कुठून आले? ते भांडे कसे घडले, रंग कशाचा होता, जाळ कसा दिला, हे प्रश्न राहून जातात किंवा ‘तज्ज्ञांसाठी’ म्हणून परिशिष्टात जातात. माझे म्हणणे असे की, हा क्रम उलटा आहे, आणि तो सुलट केल्यावर कुळीच्या प्रश्नाचे स्वरूपही बदलते.

आधी नावांचा विचार करू. संगमनेर तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी जोर्वे हे लहानसे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली, टिचकी मारली तर खणखणणारी भांडी तेथे मिळाली. तशीच भांडी पुढे दायमाबाद, इनामगाव अशा अनेक ठिकाणी मिळाली, तेव्हा त्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणण्याची पद्धत पडली. माळव्यातल्या भांड्यांना ‘माळवा’ हे नाव मिळाले, तापीकाठच्या सावळद्यावरून ‘सावळदा’ आले. कपाटातल्या बरणीवर चिठ्ठी लावावी तशी ही नावे. सोयीची, निरुपद्रवी. पण चिठ्ठीवरच्या नावाला हळूहळू हातपाय फुटतात. ‘जोर्वे भांडी’ची ‘जोर्वे संस्कृती’ होते, ‘जोर्वे संस्कृती’चे ‘जोर्वे लोक’ होतात, आणि मग हे लोक स्थलांतर करू लागतात, कोणाला जिंकू लागतात, कोणाचे पूर्वज होऊ लागतात. एवढा प्रवास होतो तो केवळ व्याकरणाच्या बळावर. मध्ये नवा पुरावा आलेलाच नसतो.

याचे एक मोठे उदाहरण माळवेकर वाचकांच्या घराजवळचे आहे. महेश्वरच्या समोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावडातोली आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून १९५२-५३ मध्ये येथे काम केले, आणि १९५७ ते १९५९ या काळात मोठे उत्खनन झाले. येथील माळवा भांडी म्हणजे पिवळट किंवा नारिंगी लेपावर काळ्या-तपकिरी रंगात काढलेली शेकडो नक्षींची जत्राच. जाळीचे चौकोन, शिड्या, हरणे, मोर, हात धरून नाचणारी माणसे. त्यात पन्हाळीसारखी लांब तोटी असलेले वाडगे होते. असे वाडगे इराणातही सापडले होते. सांकलियांनी १९५५ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात या दोन्हींतले साम्य मांडले, आणि पुढे या साम्यावरून पश्चिम आशियातून आलेल्या लोकसमूहांचा तर्क केला. सांकलियांची थोरवी सांगायला नको. दख्खनच्या प्रागैतिहासिक काळाला नकाशा मिळाला तो त्यांच्यामुळे, आणि स्वतःचे मत पुराव्यासमोर पुन्हा तपासण्याची तयारी त्यांच्या लेखनात पदोपदी दिसते. तरीही या तर्काची ठेवण तपासली पाहिजे. तोटी सारखी म्हणून भांडे सारखे, भांडे सारखे म्हणून कुंभार सारखा, कुंभार सारखा म्हणून लोक तेच. या साखळीची पहिली कडी डोळ्यांना दिसते. उरलेल्या दोन आपण जोडतो.

उत्तरेत हेच राखी रंगाच्या चित्रित भांड्यांबाबत घडले. प्रा. बी. बी. लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर खणले आणि महाभारताशी निगडित मानल्या गेलेल्या अनेक स्थळी ही भांडी मिळतात म्हणून त्यांचा संबंध महाभारतकाळाशी जोडला. पातळ, देखण्या, राखी रंगाच्या थाळ्यांवर एका महाकाव्याचे ओझे येऊन पडले. त्याच भांड्यांकडे बडोद्याच्या विद्यापीठातले प्रा. के. टी. एम. हेगडे रसायनाच्या बाजूने गेले. त्यांचा लेख १९७५ साली ‘अँटिक्विटी’तच आला. हा राखी रंग मातीचा स्वभाव नसून जाळाची करणी आहे, कोंडलेल्या हवेत भाजल्याने लोहाचे रूप बदलते आणि भांडे तांबडे होण्याऐवजी राखी होते, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म. एकाच खापराला विचारलेले हे दोन प्रश्न. पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याची खापराची ऐपत नव्हती. दुसऱ्याला होती.

भांडे म्हणजे लोक, या समीकरणाची परिणती किती भयंकर होऊ शकते याचा दाखला युरोपात आहे. गुस्टाफ कोसिना या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १९११ साली असा सिद्धान्त मांडला की, वस्तूंचे स्पष्ट सीमा असलेले प्रदेश म्हणजेच विशिष्ट लोकांचे प्रदेश. पुढे नाझी राजवटीने याच विचाराचा आधार घेऊन, जेथे ‘आपली’ खापरे तेथे ‘आपली’ भूमी, असा दावा शेजाऱ्यांच्या देशावर सांगितला. आपल्याकडे कोणी इतक्या थराला जात नाही, हे खरे. पण सीमाभागात राहणाऱ्या माणसाने ‘आमची खापरे’ हा शब्दप्रयोग ऐकला की कान टवकारावेत, हे बरे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. सामान्य वाचकाला तिची धास्ती वाटते. वस्तुतः तिचे पहिले पाठ आपल्या घरचेच आहेत. तांबडा रंग लोहाचा. गेरू काय, काव काय, गोव्यातल्या देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवरचे कावीचे काम काय, सगळीकडे रंग देणारा मुख्य घटक लोहाचा ऑक्साइड, म्हणजे हेमॅटाइट. मातीतच लोह असते. खुल्या हवेत भाजले की मडके तांबडे होते. तेच मडके धुरात, हवा कोंडून भाजले तर लोहातला ऑक्सिजन कमी होतो आणि मॅग्नेटाइट व तत्सम काळी संयुगे तयार होतात. म्हणजे तांबडे आणि काळे हे पुष्कळदा दोन वेगळे पदार्थ नसतात. एकाच लोहाच्या त्या दोन अवस्था असतात. कुंभाराच्या आव्यात ज्या बाजूला वारा लागला ती बाजू तांबडी आणि जी राखेत दबली ती काळी, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे तत्त्व ठाऊकच आहे.

मग तांबड्या भांड्यावर काळी नक्षी कशी राहते? येथे खरी गंमत आहे. भांडे तांबडे व्हायला खुली हवा हवी. त्या हवेत लोहाची काळी नक्षीही तांबडी व्हायला हवी. या पेचातून जगभरच्या कुंभारांनी मुख्यतः तीन वाटा काढल्या. पहिली वाट कोळशाची किंवा काजळीची. पण कार्बन खुल्या जाळात जळून जातो, म्हणून तो भाजण्यानंतर लावावा लागतो, नाहीतर हवा कोंडून जपावा लागतो. दुसरी वाट मॅंगनीजची. मॅंगनीजचे ऑक्साइड खुल्या हवेच्या जाळातही काळेच राहते. त्यात लोहाचे प्रमाण वाढेल तसा रंग तपकिरीकडे झुकतो. तिसरी वाट सर्वांत कठीण. लोहाचीच नक्षी काढायची, आधी खुला जाळ द्यायचा, मग हवा कोंडायची, मग पुन्हा हवा सोडायची. बारीक गाळलेल्या मातीची नक्षी मधल्या टप्प्यात काचेसारखी आळून बंद होते. शेवटच्या टप्प्यात हवा आली तरी ती आत शिरत नाही. बाकीचे भांडे पुन्हा तांबडे होते, नक्षी काळी राहते.

ग्रीसच्या प्रसिद्ध काळ्या-तांबड्या भांड्यांचे रहस्य हेच. त्या काळ्या चकाकीसाठी कुंभारांनी कोणते खास द्रव्य वापरले असेल, याचा शोध विद्वान पिढ्यान् पिढ्या घेत होते. थिओडोर शूमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९४२ साली दाखवून दिले की, असे खास द्रव्य नव्हतेच. भांड्याच्याच जातीची माती पाण्यात कालवून, जड कण तळाशी बसू देऊन, वरची अतिसूक्ष्म गाळ नक्षीसाठी घेतली होती. रहस्य डबीत नव्हते, भट्टीत होते. नक्षी पाहून हे कोणाला कधीच कळले नसते.

आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या तांबड्या भांड्यांवरील काळा रंग पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ मोहम्मद सना उल्लाह यांनी फार पूर्वी तपासला होता. तो मॅंगनीजयुक्त हेमॅटाइटचा निघाला. एवढ्याशा निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. ज्या कुंभाराकडे मॅंगनीज आहे त्याला हवा कोंडण्या-सोडण्याची कसरत करावी लागत नाही. एकाच खुल्या जाळात त्याचे काम होते. मात्र त्याला योग्य दगड ओळखावा लागतो, तो कुठून तरी आणावा लागतो, कुटावा-वाटावा लागतो. म्हणजे एकाचे कौशल्य भट्टीत, दुसऱ्याचे कौशल्य दगडाच्या पारखीत. दोघांची भांडी वस्तुसंग्रहालयात शेजारी ठेवली तर पाटीवर एकच ओळ येते: ‘तांबड्यावर काळी नक्षी’.

रंगाबरोबर घडणीचाही प्रश्न येतो. अहवालांत ‘चाकावर घडवलेले’ असा शेरा सर्रास असतो. आतल्या बाजूला समांतर वळ्या दिसल्या की हा शेरा मारला जाई. व्हॅलेंटीन रू आणि मारी-आन्येस कूर्ती या फ्रेंच अभ्यासिकांनी १९९० च्या दशकात दाखवले की, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे आणि मग चाकावर फिरवून त्याला आकार द्यायचा, अशी एक मधली पद्धत आहे, आणि तिच्यातही तशाच वळ्या उमटतात. फरक कळतो तो खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर, कण आणि पोकळ्या कोणत्या दिशेने वळल्या आहेत हे पाहिल्यावर. रू यांनी त्यापूर्वी भारतातील कुंभारांबरोबर काम करून चाकाची विद्या शिकायला किती वर्षे लागतात याचाही अभ्यास केला होता. चाकावर गोळा मध्यावर आणून एका दमात भांडे उचलणे ही वर्षानुवर्षांची साधना आहे. वळकटीचे भांडे चाकावर साफ करणे त्या मानाने सोपे. तेव्हा ‘चाकावर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या शिकवण्या, कदाचित दोन वेगळी समाजजीवने, आपण एकत्र कोंबत आलो आहोत.

येथे माझ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. नक्षी उसनी घेता येते. बाजारात पाहिलेली जाळी, पाहुण्याच्या घरी पाहिलेला मोर, दुसऱ्या दिवशी आपल्या मडक्यावर काढता येतो. साडीच्या काठाचे जसे, तसेच हे. पण भट्टी उसनी घेता येत नाही. माती किती भिजवायची, त्यात भुसा किती, वाळू किती, जाळ केव्हा कोंडायचा, हे पाहून येत नाही. कोणाच्या तरी हाताखाली बसून शिकावे लागते. म्हणून नक्षीचे साम्य फार तर एवढेच सांगते की, एकाने दुसऱ्याचे काम पाहिले होते. कृतीचे साम्य सांगते की, एक जण दुसऱ्याजवळ बसला होता. इतिहासाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट कितीतरी अधिक मोलाची आहे.

आपल्या भागाचेच उदाहरण घेऊ. रायचूर जिल्ह्यातील पिकलीहाळ येथे एफ. आर. ऑल्चिन यांनी उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६० मध्ये हैदराबादहून निघाला. दक्षिणेकडील नवाश्मयुगीन लोकांची भांडी प्रामुख्याने करडी, हाताने घडवून घासून गुळगुळीत केलेली. त्यांपैकी काहींवर तांबड्या गेरूचे पट्टे आहेत, आणि ते भाजल्यानंतर दिलेले आहेत. जोर्वे भांड्यावरची काळी नक्षी भाजण्याआधीची आहे. ती भांड्याबरोबर जाळातून गेली आहे. हा फरक नुसत्या सौंदर्यदृष्टीचा नव्हे. एका परंपरेत रंग भट्टीच्या आधी येतो, दुसरीत नंतर. कामाचा क्रमच वेगळा. आता बळ्ळारी जिल्ह्यातील टेक्कलकोट पाहा. मा. श्री. नागराज राव आणि कै. च. मल्होत्रा यांच्या १९६५ च्या अहवालात तेथील स्थानिक भांड्यांच्या सोबतीला जोर्वे धर्तीची रंगीत खापरेही नोंदलेली आहेत. नक्षीवरून वाचणारा येथे चटकन म्हणेल, ‘जोर्वे लोक’ तुंगभद्रेपर्यंत पोचले. कृतीवरून वाचणारा थांबेल आणि तीन प्रश्न विचारील. ही भांडी उत्तरेतून वाहून आणलेली? की उत्तरेतला कुंभार, किंवा लग्न होऊन आलेली कुंभाराची लेक, येथे येऊन इथल्या मातीत घडवू लागली? की इथल्याच कुंभाराने नक्षी पाहून उतरवली?

हे प्रश्न हवेतले नाहीत. त्यांची उत्तरे मातीत असतात. प्रवरा, घोड, नर्मदा यांच्या काठची माती बेसाल्टची, म्हणजे काळ्या दगडाची लेक. तिच्या कापात पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज ही खनिजे दिसतात. बळ्ळारी-रायचूरकडे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म. तेथील मातीत गारगोटी, अभ्रक, वेगळे फेल्डस्पार. या दोन मुलखांची सीमा आपल्याच पायाखालून जाते. दख्खनच्या काळ्या दगडाचे दक्षिण टोक बेळगावच्या आसपास संपते. गोकाकचा धबधबा पडतो तो वालुकाश्मावरून. निसर्गाने आखलेली ही रेषा कोणत्याही आयोगाने आखलेली नाही आणि कोणत्याही ठरावाने हलणार नाही. मडक्याने ती मात्र प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. टेक्कलकोटच्या मातीत जोर्वे पद्धतीची कृती दिसली तर माणूस आला. जोर्व्याकडच्या मातीत दिसली तर मडके आले. इथल्या मातीत इथल्याच कृतीवर नुसती नक्षी दिसली तर केवळ आवड आली. तिन्ही शक्यतांना आपण आजवर ‘संस्कृतीचा प्रसार’ हा एकच शब्द वापरत आलो.

प्रयोगशाळेची एवढी बाजू घेतल्यावर तिची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अलीकडे उलटा दोष बळावतो आहे. हातात धरण्याजोगी क्ष-किरण यंत्रे आली आहेत. खापरावर टेकवले की क्षणात मूलद्रव्यांची यादी मिळते. पण नक्षीचा थर अतिशय पातळ असतो. किरण त्यातून आरपार जाऊन खालच्या मातीतले लोहही मोजून आणतात. शिवाय जमिनीतल्या पाण्याबरोबर मॅंगनीज खापरावर येऊन बसते आणि काळे डाग पडतात. नक्षी नसलेल्या जागेचे मोजमाप शेजारी ठेवले नाही, तर मातीने टाकलेला डाग कुंभाराच्या खात्यावर जमा होतो. रामन वर्णपटाची पद्धत खनिज नेमके ओळखते. परंतु तिचा लेसर प्रखर ठेवला तर मॅग्नेटाइट तापून त्याचेच हेमॅटाइट होते, आणि यंत्राने स्वतःच घडवलेला पुरावा यंत्रच वाचते. भाजण्याच्या तापमानाचेही तसेच. केओलिनाइट ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मोडते, चुन्याचा कार्बोनेट साधारण ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यान फुटतो, अशा खुणांवरून अंदाज करतात. पण उघड्या आव्यात एका टोकाचे आणि दुसऱ्या टोकाचे तापमान सारखे नसते, आणि जाळ किती वेळ टिकला यावरही फरक पडतो. तेव्हा ‘अमुक अंशाला भाजले’ असे एकाच आकड्यात छापले की समजावे, लेखकाला आकडा कळला, आवा कळला नाही.

बेसाल्टचीही एक खोच आहे. माळव्यापासून कृष्णेपर्यंत हा दगड बराच एकसारखा. त्यामुळे काळ्या मातीतले भांडे ग्रॅनाइटच्या मुलखात ओळखू येते. परंतु प्रवरेचे कोणते आणि घोडेचे कोणते हे सांगणे अवघड जाते. मॅंगनीज तर बालाघाट, भंडारा, संडूर, गोवा अशा पुष्कळ ठिकाणी आहे. रंगात मॅंगनीज सापडले म्हणून खाण सापडली असे होत नाही. विज्ञानाचे शब्द वापरले म्हणजे विधान वैज्ञानिक होते असे नव्हे. नक्षीवरून कुळी सांगणाऱ्याने उद्या मूलद्रव्यांच्या कोष्टकावरून कुळी सांगितली, तर चूक तीच राहील, फक्त तिला दशांश चिन्ह फुटेल.

या दृष्टीने इनामगावच्या वाचनाकडे पाहण्यासारखे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे चाललेले हे उत्खनन आपल्या पुरातत्त्वाचे वैभव आहे. घरे, धान्य, हाडे, दफने, कुंभाराची गोल भट्टी, सगळ्याची नोंद १९८८ च्या अहवालात आहे. डॉ. म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन टप्पे लावले. इसवी सनापूर्वी १००० ते ७०० या उत्तर जोर्वे काळात पाऊस घटला, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि भांडीही निकृष्ट झाली, असे त्यांचे चित्र आहे. घरे आणि धान्य यांच्या पुराव्यावर हे चित्र भक्कम उभे आहे. पण भांड्यांच्या ‘ऱ्हासा’कडे मी जरा थांबून पाहीन. नक्षी कमी झाली, पोत जाड झाला, हे दिसते. याला ऱ्हास म्हणणे हा रसिकाचा निवाडा आहे. कुंभाराची विद्या विसरली गेली, की सरपण दुर्मीळ झाले म्हणून जाळ आखडता घेतला? दगड आणणारा वाटसरू येईनासा झाला म्हणून रंग पातळ झाला, की रंग तोच राहिला आणि नक्षी काढायला वेळ उरला नाही? पहिली गोष्ट विसर, दुसरी दारिद्र्य, तिसरी तुटलेला रस्ता, चौथी बदललेली गरज. चार वेगवेगळी दुःखे आहेत. माती, जाळ आणि रंग वेगवेगळे तपासले तर ती वेगळी ओळखता येतात. ‘ऱ्हास’ म्हटले की चारही झाकली जातात.

मराठीतल्या लेखनाचे काय? ढवळीकरांचे ऋण येथे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. इंग्रजी अहवालात बंद असलेले ज्ञान त्यांनी सुबोध मराठीत घरोघर नेले. ते २०१८ साली गेले तेव्हा मराठी वाचकाने आपला एक शिक्षक गमावला. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘महाराष्ट्राची कुळकथा’ असे आहे. नाव मोहक आहे, आणि म्हणूनच त्यावर बोट ठेवावेसे वाटते. कुळकथा म्हटली की मूळपुरुष आला, वंश आला, वारस आला. वारस आला की वाटणी आली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला महाराष्ट्र ठाऊक नव्हता, कर्नाटक ठाऊक नव्हता, माळवा आणि गुजरातही ठाऊक नव्हते. त्याची भाषा कोणती होती हे त्याच्या मडक्यावर लिहिलेले नाही, आणि कोणत्याही क्ष-किरणाने ते वाचता येणार नाही. त्याच्या मडक्याला आपल्या कुळीत घेताना आपण त्याच्यावर उपकार करत नाही. आपल्याला हवे ते आपण त्याच्याकडून वदवून घेतो.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला शास्त्रीय वाटेल. आपल्याला तो घरगुती आहे. खानापूरच्या कुंभाराकडून घेतलेला माठ एका घरात माठ असतो, शेजारच्या घरात तो मडिके होतो. माठ तोच, माती तीच, पाणीही तितकेच गार. उद्या दोन्ही घरे मातीखाली गेली आणि तीन हजार वर्षांनी कोणी हा माठ उकरून काढला, तर त्यावरून या घरात मराठी बोलत की कन्नड, हे तो सांगू शकेल काय? आणि त्याने सांगितलेच, तर आपण त्याला काय म्हणू? इंदूरच्या मराठी घरातली, बडोद्याच्या, हैदराबादच्या घरातली भांडीही अशीच घरातल्या माणसांची भाषा न सांगता राहतील. जी गोष्ट आपल्या घराबाबत आपल्याला हास्यास्पद वाटते ती जोर्वे आणि टेक्कलकोटच्या घरांबाबत आपण गंभीरपणे करतो, आणि तिच्या आधारावर कोण आधीचे, कोण नंतरचे, याचे हिशेब मांडतो. आपले भाषेवरचे प्रेम सिद्ध करायला खापराच्या साक्षीची गरज नाही. ते आपल्या बोलण्यात, वाचण्यात, मुलांना घातलेल्या शाळेत आणि या अंकासारख्या अंकांत आहे. त्यासाठी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मुक्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे, आणि अनावश्यकही.

मग वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर काय लिहावे? ‘जोर्वे संस्कृती, तांबड्यावर काळी नक्षी’ एवढेच लिहिण्याऐवजी असे लिहावे: ही माती कोणत्या दगडाची, भांडे वळकटीचे की एका दमात चाकावरून उचललेले, लेप कशाचा, नक्षी भाजण्याआधीची की नंतरची, काळा रंग लोहाचा की मॅंगनीजचा, जाळ खुला की कोंडलेला. दोन्ही भाषांत लिहावे; सीमाभागातल्या संग्रहालयांत तर अवश्य. काचेपुढे उभ्या राहिलेल्या मुलाला मग खापरात कुठला वंश दिसणार नाही. त्याला एक माणूस दिसेल, जो दगड कुटत बसला आहे, लेकीला माती मळायला शिकवतो आहे, आणि वारा फिरला म्हणून घाईघाईने आवा झाकतो आहे. त्या माणसाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्याचे काम मात्र पुरेपूर कळू शकते. आणि कामावरून माणूस ओळखण्याची रीत कुळीवरून ओळखण्याच्या रीतीपेक्षा केव्हाही अधिक चांगली.